देवकाबाईचा अंगठा

देवकाबाईला न भिणारा माणूस खैरटोल्यात शोधूनही सापडला नसता. खैरटोला म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या आसगावापासून चारेक किलोमीटरवरचं ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं लहानसं गाव. चाळीस घरं, एक तलाव आणि तलावाच्या पाळीवर मासेमारी सोसायटीची दोन खोल्यांची इमारत. देवकाबाई आसगावच्या आणि पवनीच्या बाजारात मासे विकायची. तिच्या टोपलीतल्या मरळीला कोणी शिळी म्हटलं की आजूबाजूच्या दुकानदारांचे हात थांबायचे, कारण आता पुढची पाच मिनिटं ऐकण्यासारखी असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक मासे घेऊन जायचं आणि वर माफीही मागून जायचं.

ती उगाच भांडायची नाही. अकरा वर्षांपूर्वी नवरा वारला, तेव्हा सोसायटीतलं त्याचं नाव मुलाच्या नावावर चढवायचं ठरलं. मुलगा कैलाश तेव्हा धड वीस वर्षांचाही नव्हता. बायका जाळी विणत, मासे निवडत, बाजार करत, पण सभासद एकही बाई नव्हती. देवकाबाई म्हणाली, नाव माझं चढेल. धाकटा दीर गोमाजी सोसायटीचा अध्यक्ष होता, त्यानं हसण्यावारी नेलं. तिनं तीन दिवस पवनीच्या सहकार खात्याच्या कचेरीच्या पायरीवर बैठक मारली आणि चौथ्या दिवशी सभासद होऊनच परत आली. चौथीपर्यंत शिकलेली होती, रजिस्टरवर तिनं स्वतःच्या हातानं ‘देवका’ असं लिहिलं. पुढं कार्यकारिणीतही गेली. तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा ठराव गोमाजीनं दोनदा आणला आणि दोन्ही वेळा तिनं तो हाणून पाडला. ठेकेदार आला की पहिल्यांदा पाळीवर कुंपण घालतो आणि झिंगे धरणाऱ्या बायकांना हाकलतो, हे तिनं दुसऱ्या गावात पाहिलं होतं.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, सकाळी अंगणात झिंगे निवडत बसली असताना तिच्या उजव्या हातातून सूप गळून पडलं. तिनं सुनेला हाक मारायची म्हणून तोंड उघडलं. सुनेचं नाव प्रतिक्षा. ते नाव तिला पक्कं माहीत होतं, जिभेच्या टोकाशी होतं, आणि तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच.

“मुडद्या,” ती म्हणाली.

प्रतिक्षा चुलीपासून हसत बाहेर आली, आज सकाळी सकाळीच कोणाला शिव्या पडताहेत म्हणून. सासूचं तोंड एका बाजूला ओघळलेलं पाहिलं आणि ती किंचाळली.

भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात देवकाबाई बारा दिवस होती. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत टाकावा लागायचा, गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. हे सगळं तिनं सहन केलं असतं. पण पाचव्या दिवशी डॉक्टर तिच्या खाटेशी उभा राहून तिच्याकडे न बघता कैलाशला म्हणाला, की मेंदूच्या डाव्या भागाला मार बसलाय, वाचल्या हेच पुष्कळ समजा, बोलण्याचं आता विसरा, आणि अशा पेशंटला समजही फारशी राहत नाही.

देवकाबाईला शब्दन् शब्द समजला. तिला म्हणायचं होतं, मी इथंच आहे, मला विचार. तिनं सगळा जोर लावला.

“मुडद्या.”

डॉक्टरनं कैलाशकडे बघून मान हलवली, बघा म्हणून. त्यानंतर त्या दवाखान्यात तिच्याशी कोणी बोललं नाही. नर्स कैलाशला विचारायच्या, आजीला थंडी वाजते का. कैलाश म्हणायचा, वाजत असेल. देवकाबाई छपन्न वर्षांची होती. आजी म्हणणाऱ्या नर्सला तिनं एरवी बरोबर जागेवर बसवलं असतं. आता ती नुसती छताकडे बघायची आणि आतल्या आत पेटायची. जगात एवढे शब्द असताना आपल्याला तेवढी एक शिवी शिल्लक राहावी, आणि तीही वेळी-अवेळी आपोआप बाहेर पडावी, याचा तिला इतका संताप यायचा की त्या संतापानं आणखी शिव्या बाहेर पडायच्या.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी तिनं डाव्या हातानं नाकातली नळी उपसून फेकून दिली. नळी किती दिवस ठेवायची, कधी काढायची, काढल्यावर काय द्यायचं, हे दवाखान्यातून कोणी सांगितलंच नव्हतं. महिन्यानं दाखवायला आणा, एवढंच. घरच्यांना उलट बरं वाटलं, आता माय तोंडानं खाईल म्हणून. गोमाजीची बायको रुखमिणी बघायला आली. जाऊबाईच्या ओठांना भेगा पडलेल्या पाहून तिचा जीव कळवळला. देवकाबाई खाटेवर आडवी होती. रुखमिणीनं तशीच तिच्या तोंडात चमच्यानं पाण्याची धार सोडली. देवकाबाईला ठसका लागला, डोळे पांढरे झाले. ठसका थांबल्यावर रुखमिणीनं आणखी एक चमचा घातला. देवकाबाईनं मान फिरवली, दात आवळले. रुखमिणी म्हणाली, नाई म्हणू नको वो, कोरड पडली तुले. संध्याकाळी पाण्यासारखा पातळ चहाही झाला.

माया करणाऱ्यांनीच तिला मारायला घेतलं होतं. चौथ्या दिवशी ताप चढला, छाती घरघरायला लागली. परत भंडारा. फुप्फुसात अन्नपाणी उतरलं होतं. यावेळी वाचेल असं कोणाला वाटत नव्हतं, पण ती वाचली. तिथल्या एका वयस्क नर्सनं निघताना प्रतिक्षाला बाजूला घेऊन सांगितलं, की पवनीला एका संस्थेचं केंद्र आहे, दर गुरुवारी तिथं बोलण्या-गिळण्याचे उपचार करणारी मॅडम येते, तिच्याकडे न्या, नाहीतर पुढच्या महिन्यात इथंच परत भेटाल.

त्या मॅडमचं नाव तृप्ती. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. नागपूरला शिकली आणि तिथं नोकरी मिळत असताना इकडे आली. बुटकी, चष्मा लावणारी, आवाज अगदी हळू. देवकाबाईला ती पहिल्या नजरेत मुळीच आवडली नाही. कैलाशनं खुर्चीवर बसल्या बसल्या, मायला काही समजत नाही इथपासून हकीकत सांगायला सुरुवात केली, तर तृप्तीनं हात वर केला.

“थांबा भाऊ. मी यांना विचारते आहे.”

मग तिनं देवकाबाईच्या समोर खुर्ची ओढली आणि एकेक प्रश्न विचारला. उत्तर मानेनं द्या म्हणाली. तुमचं नाव रुखमिणी आहे का? देवकाबाईनं मान अशी झटकली की पदर पडला. हा फेब्रुवारी महिना आहे का? होय. मासे झाडावर लागतात का? देवकाबाईनं तिच्याकडे बघितलं, ही बाई माझी चेष्टा करते की काय म्हणून, पण मान नाही अशी हलवली. असे पंधरा-वीस प्रश्न झाले. शेवटी तृप्तीनं विचारलं, तुमचा मुलगा सांगतो की तुम्हाला काही समजत नाही, हे खरं आहे का?

देवकाबाईनं डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली. पेनं उडाली.

तृप्तीनं पेनं गोळा केली आणि कैलाशला सांगितलं, यांना समजतं. लांबलचक, गुंतागुंतीचं बोलाल तर थोडा वेळ लागेल, पण समजतं सगळं. शब्द जुळवून तोंडापर्यंत आणायचं काम मेंदूचा जो भाग करतो, त्याला इजा झालीय. अक्कल जागच्या जागी आहे. कैलाश गोंधळला. मग डॉक्टरनं तसं काहून सांगतलं, म्हणाला. तृप्तीनं चष्मा काढून पुसला. तिच्या मानेवर लाल चट्टे उमटले होते.

“त्यांनी यांना एक तरी प्रश्न विचारला होता का?” ती म्हणाली.

देवकाबाईनं तेव्हा तिच्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. ही पोरगी हळू आवाजात चिडते, एवढंच. चिडते मात्र आपल्यासारखीच.

पहिला महिना गिळण्यातच गेला. तृप्तीनं तिला ताठ बसवून, गळ्यावर बोटं ठेवून एकेक चमचा देऊन बघितला. प्रत्येक घोटानंतर ‘आ’ करायला लावलं आणि आवाज ओला येतो की कोरडा ते ऐकलं. पातळ पाणी घशातून घसरून श्वासनळीत जात होतं, दाट पेज नीट उतरत होती. तिनं प्रतिक्षाला हात धरून शिकवलं. आडवं ठेवून एक थेंबही द्यायचा नाही. हनुवटी छातीशी टेकवून गिळायला लावायचं. घास डाव्या गालात ठेवायचा, भरवताना बोलायचं नाही, पुढचा घास पहिला उतरल्याशिवाय नाही. पाणीसुद्धा पेज घालून दाट करून. जेवणानंतर तोंड बोटानं पुसून काढायचं आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. आणि मासे बंद. काट्याचा मासा सहा महिने तरी नाही.

मासे बंद हे ऐकल्यावर देवकाबाईनं जे केलं, त्याची आठवण निघाली की प्रतिक्षा अजून कपाळाला हात लावते. आठवडाभर तिनं पेजेच्या वाटीकडे बघितलं आणि आठव्या दिवशी ती वाटी भिंतीवर मारली. ढिवराच्या घरात जन्मली, ढिवराच्या घरात आली, मासा शिजताना त्याचा वास घ्यायचा आणि आपण गाईसारखं पेज प्यायचं. पण त्या बाईला मरायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी घेतली, हनुवटी छातीला टेकवली आणि सुनेकडे खाऊ की गिळू असं बघत घास गिळला. ताप परत आला नाही.

मग बोलण्याची बारी आली. तृप्तीकडे संस्थेनं दिलेली चित्रांची पेटी होती. सफरचंद, विमान, आईस्क्रीम, पियानो. पियानोचं चित्र समोर आल्यावर देवकाबाईनं सगळी पेटी खाली ढकलून दिली. तृप्तीनं चित्रं वेचून पेटीत भरली. पुढच्या गुरुवारी येताना ती पवनीच्या मासळी बाजारात उतरली होती. मोबाइलमध्ये फोटो काढून आणले होते. रोहू, कतला, मरळ, झिंगे, टोपली, तराजू, वजनाचा दगड. फोटो थोडे हललेले होते. देवकाबाईनं मोबाइल हातात घेतला. तृप्ती तिच्या तोंडाकडे बघत ओठ मिटून म्हणत होती, म, म. दहा वेळा ‘मुडद्या’ झालं. अकराव्या वेळेला देवकाबाईच्या तोंडून एक शब्द निघाला.

“मरळ.”

वाकडा निघाला, पण मरळच होता. प्रतिक्षा रडायला लागली. देवकाबाईला मात्र रडू आलं नाही. बाजारात एका श्वासात वीस मासे मोजून नावं घेणारी बाई एका मरळीसाठी अर्धा तास घाम गाळते, यात रडण्यासारखं काय आहे, शरम वाटण्यासारखं आहे, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. एप्रिलपर्यंत पंधरा-वीस शब्द झाले. हो, नाही, पाणी, प्रतिक्षा हे नाव अर्धवट, आणि मासे जवळजवळ सगळे.

एप्रिलच्याच शेवटी, एका दुपारी गोमाजी घरी आला. बरोबर कागद होता आणि शाईची डबी. कैलाशला आधीच सगळं माहीत होतं. वहिनीची तब्येत अशी, तिच्यानं बैठकीला येणं होत नाही, समजतही नाही, तर राजीनामा घेऊन टाकू आणि तिच्या जागी तुझं नाव लावू, असं दोघांचं बोलणं झालेलं होतं. कैलाश वाईट माणूस नव्हता. चार महिने दवाखान्याच्या चकरा मारून तो थकला होता, आणि काका अध्यक्ष होता. मॅडम समजतं म्हणते, पण मॅडमलाही आपलं केंद्र चालवायचं असतं, असं काकानं त्याला सांगितलं होतं. त्याला ते पटलं, कारण पटणं सोयीचं होतं.

गोमाजीनं कागद वाचून दाखवायची तसदी घेतली नाही. तरी देवकाबाईनं सोसायटीचा शिक्का ओळखला आणि खालची कोरी जागाही बघितली. ती नाही म्हणाली. तो शब्द तिला आता येत होता. स्पष्ट म्हणाली, दोनदा. गोमाजी कैलाशला म्हणाला, अशीच बोलते काय गा ही दिवसभर? मग त्यानं कैलाशला सांगितलं, हात धर. कैलाशनं मायचा उजवा हात उचलला. लुळा हात, त्यात जोर नव्हता, जिकडे न्याल तिकडे जायचा. देवकाबाईला त्या हाताचं फारसं काही जाणवतही नव्हतं. आपला अंगठा शाईत बुडतो, कागदावर दाबला जातो, हे ती दुसऱ्याच कोणाचा अंगठा असावा तशी बघत राहिली. मग तिनं डाव्या हातानं गोमाजीच्या गालावर ओरबाडलं, रक्त निघेपर्यंत. तोंडातून शिव्यांची सरबत्ती सुटली, सगळी एकाच शब्दाची.

गोमाजीनं गाल पुसला आणि कागदाची घडी केली. डोक्यावर परिणाम झालाय, सांभाळा तिले, असं प्रतिक्षाला सांगून तो निघून गेला.

त्या गुरुवारी देवकाबाई केंद्रात गेली, पण तोंड उघडेना. फोटो बघेना. तृप्तीनं दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग तिचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. निळी शाई नखाच्या कडेला अजून होती.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं ती प्रश्न विचारत राहिली आणि देवकाबाई मानेनं उत्तरं देत राहिली. बँकेचा कागद होता का? नाही. जमिनीचा? नाही. घराचा? नाही. सरकारी होता का? देवकाबाईनं हात तिरपा हलवला, म्हणजे थोडंसं. तलावाचा? मूठ टेबलावर. शेवटी मागं उभ्या असलेल्या प्रतिक्षाला राहवेना. तिनं खाली बघत सगळं सांगून टाकलं. आपण तिथंच होतो, आणि आपण काही बोललो नाही, हेही सांगितलं.

तृप्ती उठून बाहेर ओट्यावर गेली. बऱ्याच वेळानं परत आली. म्हणाली, गावच्या भांडणात पडायचं नाही असा संस्थेचा नियम आहे. पण मी जे तपासलं ते लिहून देणं माझं कामच आहे. तिनं कागद घेतला आणि लिहिलं, की देवकाबाईंना बोललेलं समजतं, हो-नाहीची त्यांची उत्तरं खात्रीची आहेत, स्वतःचे निर्णय त्या स्वतः घेऊ शकतात आणि डाव्या हातानं सही करू शकतात. शेवटचं वाक्य लिहून तिनं पेन देवकाबाईकडे दिलं. डाव्या हातानं ‘देवका’ लिहायला तिला पाच मिनिटं लागली. ‘व’ फुटका निघाला.

तृप्तीनं कागदाची घडी करून तिच्यापुढं ठेवली. देवकाबाईनं घडी उचलली, बघितली आणि बाजूला सारली. मग स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं.

“तुम्हालाच बोलायचंय,” तृप्ती म्हणाली. “सभेत.”

वार्षिक सभा सप्टेंबरात होती. राजीनामा तिथंच मंजुरीला येणार होता. हाताशी जेमतेम पाच महिने. जबरदस्तीनं अंगठा घेतला, एवढं लांब वाक्य होण्यासारखं नव्हतं. तृप्तीनं दोन शब्दांचं वाक्य निवडलं आणि पाटीवर लिहिलं, मला समजतं. देवकाबाईनं पाटी वाचली, मान हलवली, ओल्या बोटानं ‘ला’ पुसला. तृप्तीच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग तिनं लिहिलं, मले समजते. देवकाबाईनं होकार दिला. दोनच शब्द मिळणार असतील तर ते परक्या बोलीत ती कशाला खर्च करील.

डाव्या हातानं मांडीवर ठेका द्यायचा, प्रत्येक तुकड्याला एक थाप, आणि सुरावर म्हणायचं. म-ले. सम-ज-ते. तृप्ती आधी तिच्याबरोबर म्हणायची, मग अर्ध्यावर सोडून द्यायची. घरी सकाळ-संध्याकाळ प्रतिक्षा करून घ्यायची. आडवा येत होता तो राग. राग चढला की जीभ बंद पडायची आणि तिच्या जागी ती एक शिवी यायची. तृप्ती सांगायची, मावशी, राग आला की आधी श्वास घ्या. श्वास घेऊन राग जाईल असं देवकाबाईला कधीच वाटलं नाही. तो जाऊ द्यायची तिची इच्छाही नव्हती.

कैलाशच्या हातून तिनं पाण्याचा घोट घेणं बंद केलं होतं. तो वाटी घेऊन आला की ती दात आवळायची. पहिल्यांदा त्याला वाटलं, आजारपणाचं आहे. मग एक दिवस तो खाटेशी बसून म्हणाला, माय, तुह्या भल्यासाठीच केलं म्या. देवकाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो वाटी घेऊन आला नाही.

सभेच्या दिवशी कैलाश आधीच निघून गेला. देवकाबाई प्रतिक्षाचा खांदा धरून पाळीवरून चालत गेली. एरवी तीन मिनिटांची वाट, तिला वीस लागली. खोलीत तीस-पस्तीस सभासद होते. ती आत आल्यावर बोलणं थांबलं. कोणीतरी खुर्ची दिली. गोमाजीच्या गालावरचा ओरखडा आता गेलेला होता.

तलावाच्या ठेक्याचा विषय पाचवा होता, राजीनामा चौथा. गोमाजीनं कागद वाचला, की प्रकृतीच्या कारणास्तव श्रीमती देवकाबाई यांनी स्वखुशीनं. देवकाबाई काठी टेकवून उभी राहिली. खोलीतली सगळी तोंडं तिच्याकडे वळली आणि ‘स्वखुशीनं’ हा शब्द तिच्या डोक्यात गेला. तिनं तोंड उघडलं.

“मुडद्या.”

हसण्याचा मोठा लोट आला. मागच्या पोरांनी एकमेकांना ढोसलं. गोमाजी मायेनं म्हणाला, बसवा वो वहिनीले, तरास होऊन राहिला तिले. प्रतिक्षानं तिच्या दंडाला हात लावला. देवकाबाईनं तो झटकला. काठी खुर्चीला टेकवली आणि डाव्या हातानं समोरच्या टेबलावर थाप मारली. एक. पुन्हा एक. हसणं कमी कमी होत थांबलं, कारण ती थांबत नव्हती.

“म-ले,” ती म्हणाली. “सम. ज. ते.”

तिनं परत म्हटलं. यावेळी शब्द जवळजवळ सरळ आले.

“मले समजते.”

गोमाजी म्हणाला, दोन शब्द पाठ करून आणले, पोपटालाही येतात. तेव्हा प्रतिक्षानं तृप्तीचा कागद सचिवाकडे दिला. सचिवानं तो मोठ्यानं वाचला. पण देवकाबाईचं तिकडे ध्यान नव्हतं. ती मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या कैलाशकडे बघत होती. तिनं डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात उचलला, त्याचा अंगठा वर धरला आणि तसाच धरून ठेवला. हात जड होता, खांदा थरथरत होता. तरी तिनं तो खाली घेतला नाही.

कैलाश बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिला.

“हात म्या धरला होता,” तो शेवटी म्हणाला. “माय नाई म्हणत होती. दोनदा म्हणली.”

मग गोंधळ उडाला. बायका मोठ्यानं बोलायला लागल्या. आता सोसायटीत सात बायका सभासद होत्या, सगळ्या देवकाबाईच्या मागं आलेल्या. सचिवानं राजीनामा नामंजूर झाल्याचं लिहिलं. त्या गदारोळात पाचवा विषय कोणी काढलाच नाही आणि तलाव त्या वर्षी गावाकडेच राहिला. एवढं झालं म्हणून सगळं नीट झालं असं नाही. गोमाजी अजून अध्यक्ष आहे. कार्यकारिणीत चार बैठका गैरहजर म्हणून देवकाबाईची जागा गेली ती गेलीच. आणि कैलाशनं खरं सांगितलं म्हणून तिनं त्याला माफ केलं असं समजणाऱ्यांना ती ओळखूच आली नाही. खरं सांगणं हे त्याचं कामच होतं. दिवाळीनंतर कधीतरी तिनं त्याच्या हातून पाणी घेतलं, आणि तेही प्रतिक्षा घरी नव्हती म्हणून.

आता ती बाजारात परत बसते. भाव प्रतिक्षा सांगते, मासा देवकाबाई दाखवते. वाक्यं तीन-चार शब्दांची होतात, वेळ लागतो. गिऱ्हाईक घाई करायला लागलं, की ती मासा परत टोपलीत टाकते. बिनकाट्याची मरळ दाट रश्शात खायला लागून बरेच दिवस झाले.

या उन्हाळ्यात एका गुरुवारी ती केंद्रात गेली, तर दाराला कुलूप होतं. कागद चिकटवलेला होता, की अनुदानाची मुदत संपल्यामुळे केंद्र पुढील सूचनेपर्यंत बंद. खाली एक नंबर. तृप्तीला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं होतं. ओट्यावर आणखी पाच पेशंट बसलेले होते. एकाच्या नाकात नळी होती. त्याची बायको त्या कुलपाकडे बघत होती, आता कोणाला विचारायचं म्हणून.

देवकाबाईनं प्रतिक्षाला नंबर लावायला सांगितला आणि फोन आपल्या कानाशी घेतला. पलीकडे एक बाई होती, घाईतली. देवकाबाईनं शब्द जुळवायला सुरुवात केली. केंद्र. पवनी. पलीकडची बाई म्हणाली, आजी, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्या ना फोन.

“नाही,” देवकाबाई म्हणाली. “मी. बोलते.”

फोन कट झाला. तिनं प्रतिक्षाकडे बघितलं आणि प्रतिक्षानं परत लावला. तिसऱ्या वेळेला त्या बाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नाव लिहून घेतलं. मग देवकाबाईनं फोन नळीवाल्याच्या बायकोकडे दिला आणि तिलाही नाव सांगायला लावलं. ओट्यावरच्या बाकी चौघांनाही.

केंद्र अजून उघडलेलं नाही. दर गुरुवारी फोन जातो.